पेठेतली कुलपे

तिकोण्याचे दुसरे नाव वितंडगड. ह्या गडाच्या पायथ्याशी उभे राहून जो बोलेल, त्याच्या बोलण्याला वितंडवाद म्हणावयास लोक मोकळे आहेत, हे मी जाणून आहे. त्यातून हा दिवाळीचा अंक. घरी पाहुणे आलेले आहेत, चकल्यांचा डबा उघडलेला आहे, अशा वेळी कुणी भांडण उकरून काढू नये असा आपल्याकडचा संकेत आहे. पण माझ्या ह्या भांडणाचा जन्मच दिवाळीतला, आणि तोही पाहुण्यांशी बोलता बोलता झालेला. तेव्हा वाचकांनी एक चकली हातात घ्यावी आणि मला थोडा वेळ बोलू द्यावे.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी माझे मेहुणे ठाण्याहून सहकुटुंब आमच्याकडे तळेगावला आले. मेहुणे मोठे उमदे गृहस्थ. त्यांचे ठाण्यात राहते घर आहे, नेरळला एक फ्लॅट आहे, तो कुलूपबंद आहे. चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "भावोजी, जेवण लवकर उरकू आणि तिकोणा पेठेला जाऊ. एक प्लॉट पाहून ठेवलाय. शेजारचा तुम्ही घ्या. अहो, म्हातारपणाची सोय होईल."

मी म्हणालो, "माझे म्हातारपण केव्हाच सुरू झाले आहे आणि ते तळेगावात चालू आहे."

"मग गुंतवणूक म्हणून घ्या," ते म्हणाले.

ह्या एका शब्दावरून माझे डोके फिरले, ते अजून ठिकाणावर आलेले नाही. घर ही माणसाने राहावयाची वस्तू आहे, असे आमच्या पिढीला शिकविले होते. 'घर पाहावे बांधून' असे म्हणताना जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर बांधण्याचे कष्ट होते, तसेच त्यानंतरचे राहणेही होते. आज घर पाहावे घेऊन आणि ठेवावे कुलूप लावून, असा प्रघात पडू लागला आहे. माझे म्हणणे सरळ आहे. घर विकत घेणे वेगळे आणि गावात राहावयास येणे वेगळे. पहिल्या गोष्टीला पैसा लागतो, दुसरीला माणूस लागतो. पैसा येतो आणि माणूस येत नाही, तेव्हा गाव वाढल्यासारखे दिसते, पण आतून रिकामे होत जाते. जो नुसते घर घेतो आणि गाव घेत नाही, तो गावाचे देणे लागतो, आणि ते देणे त्याच्याकडून वसूल व्हावयास हवे.

तर आम्ही निघालो. कामशेतहून आत वळले की रस्ता पवनानगरकडे, म्हणजे जुन्या बोलण्यात काळे कॉलनीकडे जातो, आणि तिथून पुढे तिकोणा पेठ. भात पिवळे पडले होते. मावळचा हा तांदूळ सगळा महाराष्ट्र मिटक्या मारीत खातो. इंद्रायणी नावाचा जो वाण घरोघरी पोचला तो ह्याच तालुक्यातल्या, वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेला. मेहुण्यांना मी खाचरे दाखवू लागलो, तर ते म्हणाले, "हो, हो, हेच ते प्लॉट!"

गडाखालच्या वस्तीला पेठ म्हणतात, कारण गडावरच्या शिबंदीला लागणाऱ्या मालाचा बाजार खाली भरे. तिकोणा हा तसा मातबर किल्ला. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत लोहगड, विसापूर, तुंग ह्या शेजाऱ्यांबरोबर तिकोणाही होता. त्या काळी ह्या पेठेत मीठमिरची, तेल, दोरखंड असे काहीबाही विकत असतील. आता पेठेत एकच माल उरला आहे. तो म्हणजे देखावा. आणि तो गुंठ्यावर विकला जातो.

विक्रेता तरुण मोठा तरतरीत होता. शर्टाला इस्त्री, गळ्यात गॉगल, बोलण्यात साखर. "समोर लेक, मागे फोर्ट, डावीकडे सनसेट!" असे म्हणून त्याने तिन्ही दिशांना हात फिरवला, जणू सूर्य मावळण्याचे कंत्राटही त्याच्याच कंपनीकडे होते. मी आयुष्यभर हिशेबखात्यात कारकुनी केलेला माणूस. मी कागद मागितले. सातबारा निघाला. त्यावर अकरा नावे. आम्ही बारावे आणि तेरावे होणार होतो, सामाईक.

"जमीन बिनशेती झाली आहे का?"

"प्रोसेसमध्ये आहे, सर."

"रस्ता?"

"वहिवाटीचा आहे, सर."

"आणि पाणी?"

तो खळखळून हसला. समोरच्या जलाशयाकडे हात करून म्हणाला, "सर, एवढं पाणी पुढे पसरलंय आणि तुम्ही पाणी विचारता?"

वाचकांपैकी जे कुणी अशा खरेदीच्या विचारात असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे, काही अपवाद सोडले तर, जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा जमिनीचे फार बारीक तुकडे पाडू देत नाही; त्यात वेळोवेळी सवलती मिळत गेल्या, म्हणून कायदा नाहीसा झाला असे नव्हे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सामाईक सातबाऱ्यावर तेरावे नाव लागले, तर त्या एकरातला कोणता गुंठा आपला, हे सांगावयास पुढे वकील लागतो. हे सर्व त्या तरतरीत तरुणाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मेहुण्यांनाही ठाऊक होते. पण त्यांचे डोळे सनसेटकडे लागले होते.

मला मात्र त्याच्या पाण्याविषयीच्या उत्तराने बेचैन केले. मंडळी फोटो काढण्यात गुंतली तेव्हा मी आणि सौ. जवळच्या एका घराच्या पडवीत टेकलो. ऐंशीच्या घरातली एक म्हातारी भाताची पेंढी बांधत बसली होती. तिने न विचारता सुनेला चहा ठेवावयास सांगितले. मी विचारले, "आजी, तुमचे शेत कुठले?"

तिने हात रिकामा न करता हनुवटीने दाखवले. "ते काय तिकडं. पाण्याखाली हाय. मी नवी नवरी आले तवा दोन वर्सं भात लावला तिथं. मग धरण आलं."

पवना धरण १९७२ च्या सुमारास पुरे झाले. त्यात पवनेच्या खोऱ्यातली चांगली काळी खाचरे गेली, गावेही गेली. पुनर्वसनाची मागणी करीत धरणग्रस्तांची दुसरी-तिसरी पिढी आता केस पिकवून बसली आहे. ते पाणी पवनेतून खाली रावेतच्या बंधाऱ्याशी उचलले जाते आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. २०११ च्या जनगणनेत त्या शहरात सव्वासतरा लाख माणसे होती. आमचे तळेगावही पवना आणि इंद्रायणी ह्या दोन नद्यांच्याच जिवावर उभे आहे. म्हणजे ज्याला तो तरुण 'लेक' म्हणत होता आणि मेहुणे 'व्ह्यू' म्हणत होते, ते म्हातारीचे शेत होते. आणि मी रोज सकाळी ज्याचा चहा पितो तेही तिचेच शेत.

"मुलगा काय करतो?" सौ.ने विचारले.

"बंगल्यावर असतो."

"कुणाच्या?"

"नाव फळीवर इंग्रजीत हाय, मला वाचाया येत न्हाय. धनी वर्सातनं दोनदा येत्यात." मग जरा थांबून म्हातारी म्हणाली, "बाई, गावात दिवं लई झालं. माणसं न्हाय वाढली."

हे एक वाक्य मी घरी घेऊन आलो. मेहुणे प्लॉटचे माहितीपत्रक घेऊन आले. रात्री जेवणानंतर आमची जुंपली. मेहुण्यांनी जे मुद्दे मांडले ते हजारो सभ्य माणसांचे मुद्दे आहेत, आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

ते म्हणाले, "माझ्या घामाचा पैसा. मी घर घेईन नाही तर कुलूप लावीन. कुणाचे काय जाते?" पुष्कळ जाते. आपण गाडीने गेलो तो रस्ता गावाचा. बंगल्याला दिलेली वीज ज्या तारेवरून येते, तिच्यावर आधी गावाच्या पिठाच्या गिरण्या चालत. बंगल्याची विंधनविहीर जिथून पाणी ओढते तिथूनच गावाची विहीर ओढते, आणि जमिनीखालच्या पाण्याला सातबारा नसतो. भाताची चार खाचरे बुजवून सपाटी केली की वरून आलेले पावसाचे पाणी शेजारच्या पाचव्या खाचरात बांध फोडून घुसते. कुलूप दाराला असते. त्या घराचा भार गावावर बाराही महिने असतो.

ते म्हणाले, "गावाला रोजगार मिळतो." खरे आहे, आणि ते मी खाली पाडणार नाही. पहारेकरी, माळी, पोहण्याच्या तलावाचा गाळ काढणारा, शनिवारी रात्री पाहुण्यांसाठी कोंबडी शिजवून देणारी बाई, इतक्यांची चूल त्यावर पेटते. पण बाराही महिने राहणारे एक साधे कुटुंब गावाला काय देते, त्याचा हिशेब मांडून पाहा. ते रोज दूध घेते, महिन्याचे वाण्याचे सामान घेते, न्हाव्याकडे, शिंप्याकडे, सायकलवाल्याकडे जाते. त्याची दोन मुले गावच्या शाळेत बसतात, म्हणून शाळेचा पट टिकतो आणि शिक्षकाची जागा राहते. त्याच्या घरी आजारी माणूस असतो, म्हणून डॉक्टरला त्या गावात दवाखाना उघडणे परवडते. सकाळी दोन उतारू जास्त मिळाले, तर एस.टी. त्या गावाला विसरत नाही. बंद बंगला ह्यांतले काहीही करीत नाही. तो एका माणसाला पगार देतो, तो माणूसही बहुधा त्याच मातीचा जुना मालक असतो, आणि त्याला स्वतःच्या गावात दुसऱ्याच्या फाटकावर उभे करतो.

ते म्हणाले, "शेतकऱ्यांनी स्वखुशीने विकले." काहींनी विकले, आणि मी त्यांना नावे ठेवणार नाही. कुणाकडे मुलीचे लग्न होते, कुणाकडे दुखणे होते, कुणाला भातशेतीचे कष्ट पुरे झाले होते. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे. माझा वाद घेणाऱ्याशी आहे. पण 'स्वखुशी' हा शब्द मावळात जपून वापरावा. ९ ऑगस्ट २०११ ह्या दिवशी, ऐन क्रांतिदिनाला, द्रुतगती मार्गावर बौर गावाजवळ पवनेच्या पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले होते. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यांत एक स्त्री होती. ज्या मुलखात पाण्यासाठी माणसे अशी मेली, तिथे आपण पाण्याच्या देखाव्याची किंमत करीत उभे राहतो, ह्याची निदान लाज तरी वाटावी.

इथपर्यंत मी मोठ्या आवेशात होतो. तेवढ्यात सौ.ने फराळाच्या ताटल्या उचलता उचलता विचारले, "आपण तळेगावात आलो तेव्हा आपण काय मोठे वेगळे केले होते?"

मेहुणे खूष झाले. मी गप्प झालो. कारण हा मुद्दा भावाला सुचला नव्हता, तो बहिणीला सुचला, आणि तो बिनतोड होता.

आम्ही २००३ साली तळेगावात फ्लॅट घेतला. पुण्यातले भाड्याचे दोन खोल्यांचे घर सुटले, पुण्यात घर घेणे आवाक्याबाहेर गेले, म्हणून रेल्वेच्या कडेकडेने आम्ही स्वस्ताई शोधत निघालो. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल १९७८ साली सुरू झाली, आणि तिने ह्या मार्गावरच्या गावांचे नशीब बदलले. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत. ही नावे आम्ही घराच्या दराच्या क्रमाने पाठ केली होती. जिथे आमची ऐपत आणि स्टेशन एकत्र आले तिथे उतरलो. कागदावर साडेसातशे चौरस फूट, प्रत्यक्षात फरशा मोजल्या तर साडेपाचशे. बाकीचे दोनशे जिन्यात, हवेत आणि बांधकाम करणाऱ्याच्या भाषणात होते.

पण राहावयास आलो असे मी म्हणतो, ते कितपत खरे? सकाळची लोकल पकडून मी शिवाजीनगरला जाई, रात्री अंधारात परत येई. कुणी विचारले तर 'मी पुण्याचा' असे सांगे. मतदारयादीतले नाव आठ वर्षे सदाशिव पेठेत होते. दिवाळीचे सामान लक्ष्मी रोडवरून आणायचे आणि तळेगावात काही मिळत नाही म्हणून कुरकुर करायची. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे. ती एकत्र जमत ती स्कूटर कुणी कुठे लावावी ह्यावर भांडण्यासाठी.

मग एका एप्रिलमध्ये पाणी आटले. टँकर आणण्याची पाळी आली तेव्हा सोळाही बिऱ्हाडांना एकाएकी नागरिकत्व आठवले आणि आम्ही शिष्टमंडळ घेऊन एका नगरसेवकाकडे गेलो. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "साहेब, यादीत तुमच्या इमारतीतली चार नावे आहेत. चार मतांची पाइपलाइन किती इंचांची टाकायची, तुम्हीच सांगा."

त्याचे बोलणे उद्धट होते, आणि नगरसेवकाने पाणी मते मोजून देऊ नये हे तर झालेच. पण त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही फ्लॅट घेतला होता, गाव घेतले नव्हते. माझ्यात आणि मेहुण्यांत फरक एवढाच की त्यांचे कुलूप दाराला होते, माझे तोंडाला आणि मनाला होते. त्या आठवड्यात मी नाव बदलून घेतले. त्याला आता बरीच वर्षे झाली. पण तिकोण्याच्या म्हातारीच्या पडवीत बसेपर्यंत मला त्या गोष्टीचा पुरता अर्थ लागला नव्हता.

घर घेणाऱ्याचे हित पाहावयास आज कायदे आहेत, आणि चांगले आहेत. १९६३ साली महाराष्ट्राने मालकीच्या फ्लॅटांचा कायदा केला, तेव्हापासून बांधणाऱ्याने घेणाऱ्याला काय काय दाखवावे आणि जमिनीचे हस्तांतरण कधी करून द्यावे हे लिहिलेले आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने त्याला दात दिले. नोंदणीकृत करारावाचून दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के त्याच बांधकामाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बांधणाऱ्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. चटईक्षेत्र म्हणजे भिंतींच्या आतली खरी जागा, हेही ठरले. आमच्या वेळी हे असते तर माझे दोनशे फूट हवेत गेले नसते. हे सारे घेणाऱ्याला बांधणाऱ्यापासून वाचवते. पण गावाला घेणाऱ्यापासून वाचवणारे कलम कुठे आहे? नव्या माणसाने गावाला काय द्यावे, हे लिहिलेला कागद मी अजून पाहिलेला नाही.

कुणी म्हणेल की ही सगळी काळाची गती आहे, शहरे वाढणारच. वाढू द्या. वाढीला माझा विरोध नाही. मी स्वतः त्या वाढीतून आलो आहे. पण वाढीच्या तऱ्हा दोन आहेत. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, ती सहकारी गृहनिर्माणाची आपल्याकडली पहिली पावले. तिथे माणसे आधी एकत्र आली आणि मग भिंती उभ्या राहिल्या. आता भिंती आधी उभ्या राहतात, माणसे सोडतीसारखी त्यांत पडतात आणि मग 'सोसायटी' नावाचा फॉर्म भरतात. क्रम उलटला की नाते तयार होत नाही, नुसता मेंटेनन्स तयार होतो.

आणि इतके लांब कशाला? तळेगावचाच दाखला घ्या. १९०८ साली इथे पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. लोकमान्यांचा त्याला आधार होता. घरोघरून वर्षाकाठी एकेक पैसा मागून जमवलेल्या निधीतून हे काम झाले. ज्याने पैसा दिला त्याने तळेगाव पाहिलेही नसेल, तरी तळेगावात त्याचा वाटा होता. आज लाखो रुपये टाकून आपण जागा घेतो, आणि तिथल्या शाळेची गळकी कौले बदलावयास पाचशे रुपये मागावयास कुणी आले, तर पहारेकऱ्याला सांगतो, 'साहेब घरी नाहीत म्हण.'

आणखी एक नाव घेतो. गो. नी. दांडेकर. जन्म विदर्भातला, परतवाड्याचा. अंगावरच्या कपड्यांनिशी सारा देश पायी तुडवलेला हा माणूस तळेगावात येऊन राहिला आणि असा राहिला की गोनीदा म्हटले की तळेगाव आठवावे. भोवतालचे गड त्यांनी पायाखाली घातले. 'पवनाकाठचा धोंडी' ही कादंबरी त्यांनी १९५५ साली लिहिली, तेव्हा पवनेवर धरण नव्हते. तुंगाच्या परिसरातली ती माणसे त्यांनी जवळून पाहिली होती, म्हणून ती पुस्तकात जिवंत राहिली. नाही तर त्या खोऱ्यातले पुष्कळसे आज पाण्याखाली आहे. बाहेरून आलेला माणूस गावाचे काय देणे फेडू शकतो, ह्याचे ह्याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. सगळ्यांनी कादंबऱ्या लिहाव्या असे मी म्हणत नाही. शेजाऱ्याचे नाव माहीत असले तरी सुरुवात झाली.

आता माझी मागणी. ग्रामपंचायतींना १९५८ च्या कायद्याने इमारतींवर कर बसवण्याचा अधिकार आहेच. जे घर वर्षातले दहा महिने बंद राहते, त्याला राहत्या घराच्या कित्येक पट घरपट्टी लावण्याची मुभा त्या कायद्यात असावी, आणि तो पैसा गावाच्या पाण्यावर, शाळेवर आणि धरणग्रस्तांच्या वस्त्यांवर खर्च व्हावा. ज्याला हा कर जाचक वाटेल त्याला सुटकेची वाट सोपी आहे. त्याने राहावयास यावे. तेही जमत नसेल तर घर भाड्याने द्यावे. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका मावळातल्या एका शाळेवर रोज तळेगावहून दुचाकीने जातात, पावसाळ्यात चिंब भिजून पोचतात, कारण गावात भाड्याने खोली नाही. त्यांच्या शाळेच्या रस्त्यावर त्यांनी एकदा कंटाळून बंद बंगले मोजले, ते तेवीस भरले. पुरंदरच्या तहात गेलेल्या किल्ल्यांइतके! महाराजांनी आपले किल्ले पुढे परत घेतले. हे तेवीस कोण घेणार?

मेहुणे दुसऱ्या दिवशी जरा घुश्श्यातच ठाण्याला गेले. ह्या वर्षी गणपतीत त्यांचा फोन आला. प्लॉट घेतला नाही म्हणाले. मला वाटले, आपला वितंडवाद फळाला आला. तर म्हणाले, "तुमच्या भाषणामुळे नव्हे हो, भावोजी. वकिलाने कागद नापास केले." मग जरा घुटमळत म्हणाले, "नेरळचा फ्लॅट मात्र भाड्याने दिला. एक नर्स राहते. घरात दिवा लागला म्हणून शेजारी पेढे घेऊन आले होते म्हणे." मी त्यांना काही म्हणालो नाही. सौ.ने मात्र फोन हातातून घेतला आणि भावाला म्हणाली, "आता खरे घर घेतलेस हो."

आज ह्या ओळी लिहिताना दिवाळी आठ दिवसांवर आहे. म्हातारीच्या मुलाने त्या दिवशी चहा पिता पिता जे सांगितले होते ते आठवते आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धन्याचा फोन येतो, मग तो बंद बंगल्याच्या उंबऱ्यावर चार पणत्या लावतो, आकाशकंदील टांगतो आणि त्याचा फोटो काढून पाठवतो. फोटो पोचला की कंदील उतरवून ठेवतो, वीज जळू नये म्हणून. मग घरी जाऊन आपल्या दाराशी पणत्या लावतो. तोवर उशीर झालेला असतो आणि पोरे झोपलेली असतात.

दुरून डोंगर साजरे ही म्हण आपण लहानपणी शाळेत लिहिली. दुरून घरेही साजरी दिसतात. ज्यांची अशी साजरी घरे कुठे कुलपात असतील, त्यांनी ह्या दिवाळीत किल्ली शोधून तिकडे जावे. आपल्या हाताने आपली पणती लावावी, फराळाचे एक ताट शेजारच्या पडवीत नेऊन द्यावे आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, तुमचे शेत कुठले? आणि त्या पोराला मात्र त्या दिवशी दिवे लागण्यापूर्वी घरी सोडावे.